पंख्याच्या वायरवर एसी

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला खानापूरचं जंगल आणि त्यापलीकडे घाट. भर मे महिन्यातही दिवस मावळला की वारा सुटतो आणि पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटते. अशा गावात घर बांधताना यंत्राच्या गारव्याचा विचार कुणी केला नव्हता, करायचं कारणही नव्हतं. शहापूर, वडगाव, अनगोळ भागातली जुनी घरं पाहिली की हे कळतं. जाड भिंती, वर कौलं, मागे परसू, आणि खोलीगणिक एक-दोन दिवे व एखादा पंखा चालेल एवढी वायर. निपाणीत उन्हाचा ताव जास्त, पण तिथल्या जुन्या घरांचीही तऱ्हा फारशी वेगळी नाही.

हे चित्र आता बदललं आहे. कौलं उतरून स्लॅब पडली, परसात दुसरं घर उभं राहिलं, माडीवर माडी चढली. स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि रात्री अकरापर्यंत ते खोलीत सोडत राहते. बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत माणूस घामाने भिजलेला असतो. म्हणून एसी येतो, आणि येऊ द्यावा. घरात म्हातारं माणूस असेल, तान्हं बाळ असेल, रक्तदाबाचा त्रास असेल, तर त्याला चैन म्हणण्यात अर्थ नाही. पण घराचं रूप पालटलं तरी भिंतीतली वायर पुष्कळ ठिकाणी तीच राहिली आहे. यंत्रं आता बरीच सुधारली आहेत. धोका असतो तो ती जुन्या घराला जोडली जातात त्या जागी: वायरीत, अर्थिंगमध्ये, भिंतीत, बंद खिडकीत. दुकानात मात्र सगळी चर्चा टन, स्टार आणि सवलतीची होते.

आधी यंत्र काय करतं ते थोडक्यात पाहू. एसी थंडी तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आतल्या युनिटच्या कॉइलमध्ये द्रवरूप गॅस कमी दाबाखाली उकळतो, आणि त्यासाठी लागणारी उष्णता खोलीच्या हवेतून घेतो. बाहेरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर तो वायू दाबतो, पंखा त्याच्या कॉइलवरून हवा फिरवतो, वायूचा पुन्हा द्रव होतो आणि उष्णता बाहेर जाते. दीड टनाचा एसी पूर्ण जोराने चालतो तेव्हा खोलीतून साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता काढतो. त्यासाठी दीड किलोवॅटच्या आसपास वीज घेतो, आणि दोन्हींची बेरीज, म्हणजे पावणेसात किलोवॅट, बाहेर फेकतो.

दीड किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा-सात अँपिअर. कडक उन्हात आठपर्यंतही. छताचा पंखा जेमतेम एक तृतीयांश अँपिअर घेतो. म्हणजे एक एसी लावणं हे त्या खोलीत वीस पंखे एकदम सुरू करून रात्रभर तसेच ठेवण्यासारखं आहे. आता एका जोडाचा विचार करा. बोर्डामागे स्क्रू थोडा ढिला आहे, आणि त्या जागी अर्धा ओहम रोध तयार झाला आहे. जोडावर निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पंख्याच्या प्रवाहाला तो जोड वॅटचा विसावा भाग तापतो, म्हणजे तापतच नाही. आठ अँपिअरला तोच जोड बत्तीस वॅट तापतो. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याच्या हातातली डाख देण्याची कांडी साधारण एवढ्याच वॅटची असते. ती प्लास्टिकच्या बोर्डात, लाकडी पट्टीच्या मागे, रात्रभर चालू ठेवल्यावर काय होईल ते सांगायला नको. पंख्याखाली तीस वर्षं बिनतक्रार राहिलेला जोड एसीखाली एका उन्हाळ्यात काळा पडतो तो यामुळे. ‘आमची वायरिंग जुनी आहे पण कधी त्रास दिला नाही’ हे वाक्य म्हणून एसीच्या बाबतीत काहीच सिद्ध करत नाही.

तेव्हा एसीला स्वतंत्र लाइन हवी. मीटरजवळच्या मुख्य बोर्डापासून थेट एसीपर्यंत, मधे एकही जोड नसलेली. दीड टनासाठी तांब्याची चार स्क्वेअर एमएमची, आयएसआय चिन्हाची वायर घ्यावी. अडीचची चालते असं सांगणारे भेटतील, आणि जवळच्या अंतरात ती चालतेही. पण लांबचलांब जुन्या घरात, बोर्डापासून मागच्या माडीपर्यंत न्यायची तर फरकाचे थोडे पैसे वाचवण्यात हशील नाही. जुनी वायर ॲल्युमिनियमची असेल तर तिच्या टोकाला तांब्याची वायर पिळून जोडू देऊ नका. दोन वेगळ्या धातूंचा असा जोड दमट हवेत गंजतो आणि तापतो. एक्स्टेन्शन बोर्डावर एसी कधीही नको. प्लगऐवजी भिंतीवर एमसीबीसह, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या खटक्यासह, धातूचा एसी बॉक्स बसवलेला सगळ्यात चांगला.

एमसीबी वारंवार पडत असेल तर काही जण वायरमनकडून मोठा एमसीबी बसवून घेतात. पडणं थांबतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं. पण एमसीबी असतो तो वायरीला वाचवायला. बारीक वायरीवर मोठा एमसीबी म्हणजे वायर वितळेपर्यंत वीज चालू ठेवण्याची सोय. तो का पडतो हे शोधायचं असतं. आणि एसी घेण्यापूर्वी हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या, बिलावर आपला मंजूर भार किती लिहिला आहे तो पाहावा. जुन्या कनेक्शनला तो एखाद-दोन किलोवॅट असतो. गीझर, मिक्सर, पाण्याची मोटर आणि आता एसी या सगळ्यांना तो पुरत नसेल, तर अर्ज करून वाढवून घ्यावा.

तासभर चालल्यावर एसी बंद करून प्लगच्या बाहेरच्या बाजूला हात लावून पाहायची सवय चांगली. किंचित कोमट असेल तर ठीक. चटका बसतो, पांढरं प्लास्टिक पिवळट-तपकिरी दिसू लागलं आहे किंवा जळका वास येतो, तर त्या रात्री एसी लावू नये, कारण पुढची पायरी आगीची. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारमधल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि कोरोनाचे तेरा रुग्ण त्याच दिवशी दगावले. आगीची सुरुवात एसी युनिटमधून झाल्याचं त्या वेळच्या बातम्यांत होतं. रुग्णालयातला एसी चोवीस तास चालतो, तिथल्या हवेत प्राणवायू जास्त असतो, त्यामुळे घराशी त्याची थेट तुलना करता येणार नाही. तरीही आतल्या युनिटखाली काय आहे हे घरातही पाहायला हवं. आपल्याकडे बहुतेक वेळा पलंग, गादी आणि पडदा असतो. जळकं प्लास्टिक गळून पडतं ते त्यावरच. आग दिसली तर पहिलं काम मुख्य एमसीबी खाली पाडण्याचं. विजेच्या आगीवर पाणी मारायचं नाही. कोरड्या पावडरचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं छोटं सिलिंडर घरात असेल आणि आग लहान असेल तरच ते वापरावं, नाहीतर दार ओढून घेऊन सगळ्यांना बाहेर काढावं आणि ११२ ला फोन करावा.

अर्थिंगबद्दल आपल्या भागाला लागू पडणारी एक गोष्ट आहे. जुन्या घरांचं अर्थिंग म्हणजे अंगणात खड्डा, त्यात पाइप किंवा पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ. ओल असेल तोवर ते नीट काम करतं. बेळगावच्या पश्चिमेकडची तांबडी, मुरमाड जमीन एप्रिलमध्ये पार कोरडी पडते. निपाणीकडची काळी जमीन भेगाळते. म्हणजे एसी ज्या दोन-तीन महिन्यांत चालतो, नेमकं त्याच काळात अर्थिंग सगळ्यात कमकुवत असतं. परसाला फरशी घातली असेल तर खड्डा फरशीखाली गेलेला असतो आणि कुठे आहे हेच कुणाला आठवत नाही. तो शोधून उघडा ठेवावा, उन्हाळ्यात त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतावं, आणि दोन-तीन वर्षांतून एकदा वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्यावा. एसीच्या बाहेरच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर अर्थिंग गेलं आहे असंच समजावं. शिवाय मुख्य बोर्डावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. वीज माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली, तर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडतो. एमसीबी हे काम करत नाही.

व्होल्टेजची तऱ्हाही इथे जागोजागी वेगळी. निपाणी, चिकोडीकडच्या उसाच्या पट्ट्यात पाण्याच्या मोटरी सुरू झाल्या की गावातले दिवे मंद होतात. कमी व्होल्टेजला जुन्या धाटणीचा कॉम्प्रेसर फिरायला लागतच नाही, नुसता गुरगुरतो आणि तापतो. इन्व्हर्टर एसी बऱ्यापैकी खालच्या व्होल्टेजला चालून जातो, पण तेवढंच काम करण्यासाठी जास्त प्रवाह ओढतो, आणि पुन्हा प्रश्न वायरीवर येतो. माहितीपुस्तिकेत लिहिलेल्या मर्यादेच्या खाली आपल्या घरी व्होल्टेज जात असेल, तर विक्रेता ‘स्टॅबिलायझर लागत नाही’ म्हणाला तरी तो घ्यावा.

आणि मग वळीव. एप्रिल-मेच्या दुपारी ढग भरून येतात, चारच्या सुमाराला गडगडाट सुरू होतो, करंट जातो, येतो, पुन्हा जातो. नेमकं तेव्हा उकाड्याने जीव नकोसा झालेला असतो आणि एसी चालू असतो. विजेच्या कडकडाटात तारांवर येणारा क्षणिक दाब इन्व्हर्टर एसीच्या इलेक्ट्रॉनिक कार्डाला मारतो, आणि त्या कार्डाची किंमत हजारांत असते. रिमोटने बंद करणं पुरेसं नाही, कारण कार्डाला वीज मिळतच राहते. ढग गडगडू लागले की एमसीबी खाली करावा. वळवाने हवा इतकी गार होते की तासभर एसीची गरजही उरत नाही. करंट परत आल्यावर पाचेक मिनिटं थांबून मगच चालू करावा. कॉम्प्रेसर बंद पडतो तेव्हा एका बाजूला दाब जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असतो. तो समान व्हायला तीनेक मिनिटं लागतात, आणि त्याआधी जबरदस्तीने सुरू केलं तर मोटरवर ताण येतो. नवे एसी ही तीन मिनिटं स्वतःच पाळतात. रिमोट दाबल्यावर लगेच गार हवा आली नाही म्हणून तो पुन्हा पुन्हा दाबू नये.

किती अंशांवर ठेवायचा, या प्रश्नाला आपल्या भागात करंट बिलाचा एक वेगळा हिशेब जोडलेला आहे. कर्नाटकच्या गृहज्योती योजनेत २०२३ च्या जुलैपासून घरगुती ग्राहकांना, त्यांच्या आधीच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून, जास्तीत जास्त २०० युनिटपर्यंत वीज मोफत मिळते. वापर आपल्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पण २०० च्या आत असेल तर वरच्या युनिटचेच पैसे भरायचे. पण २०० ओलांडले की त्या महिन्याचं पूर्ण बिल येतं. स्टार लेबलवर वर्षाचा वापर लिहिलेला असतो, तो १६०० तासांचा धरलेला असतो. त्याला १६०० ने भागलं की तासाचा वापर कळतो. दीड टनाच्या तीन स्टार एसीला तो साधारण सहा दशांश युनिट येतो. रोज आठ तास लावला तर महिन्याला दीडशेच्या आसपास युनिट. घराचा एरवीचा वापर नव्वद-शंभर असेल, तर एसीमुळे घर २०० च्या पलीकडे जाणार हे ठरलेलंच. तोच एसी चार तास लावला तर बहुधा अलीकडे राहील. कोगनोळीपलीकडे कागलला राहणाऱ्या पाहुण्यांचा महावितरणचा हिशेब निराळा असतो, तेव्हा त्यांचा सल्ला आपल्या मीटरला लागू पडत नाही.

चार तास पुरतात का? बेळगावात पुरतात, कारण इथली रात्र आपल्या बाजूची आहे. संध्याकाळी बाहेरची हवा गार व्हायला लागली की आधी खिडक्या उघडून पंख्याने खोलीतली साचलेली ऊब बाहेर काढावी. मग दार-खिडक्या लावून एसी २६ वर ठेवावा आणि छताचा पंखा मंद चालू ठेवावा. मध्यरात्रीचा टायमर लावावा. एक-दीड वाजता बाहेर बावीस-तेवीस अंश असताना बंद खोलीत एसी चालवत राहणं हा केवळ सवयीचा भाग आहे. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे सगळे एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावेत असा नियम आहे, आणि प्रत्येक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. १६ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही. यंत्र तेवढ्याच जोराने चालतं, फक्त थांबायचं नाव घेत नाही.

आता धुळीकडे येऊ. धूळ सगळीकडे असते, पण एसीची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्याला आपली धूळ माहीत नसते. निपाणीत वखारींच्या आसपास तंबाखू चाळताना उडणारी भुकटी इतकी बारीक असते की ती आतल्या युनिटच्या जाळीवर पिवळसर थर धरते. उसाच्या पट्ट्यात गळीत हंगामभर साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून आलेली काजळी आणि पाचट जाळल्याची राख गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि बाहेरच्या युनिटच्या पत्र्यांमध्ये बसते. बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला फौंड्रीची काळी धूळ. यात एक योग असा जुळतो की हंगाम संपतो फेब्रुवारी-मार्चला आणि एसी सुरू होतो मार्चला. म्हणजे वर्षात पहिल्यांदा आपण एसी चालू करतो तेव्हा बाहेरचं युनिट काजळीने भरलेलं असतं. त्याला पावणेसात किलोवॅट उष्णता बाहेर फेकायची आहे आणि वाट बुजलेली आहे. दाब वाढतो, कॉम्प्रेसर तापतो, वीज जास्त लागते. वर्षाची मोठी सर्व्हिसिंग, पाण्याचा फवारा मारून करायची ती, आपल्या भागात होळीच्या सुमारास, कारखाने थंडावल्यावर करून घ्यावी. दिवाळीत घर साफ करताना केली तर तिच्यावर आख्ख्या हंगामाची राख बसते.

जाळी मात्र घरच्यांनीच धुवायची. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी, वखारीजवळ राहत असाल तर दर आठवड्याला. आधी एमसीबी खाली करा. समोरचं झाकण वर उचला, दोन्ही जाळ्या सरकवून काढा, नळाच्या साध्या पाण्याखाली मागच्या बाजूने धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात किंवा गरम पाण्यात त्या वाकड्या होतात. आतल्या पातळ पत्र्यांना बोट लावू नका, ते ब्लेडसारखे कापतात. घरी आतल्या युनिटवर पाणी मारू नका, कारण एका बाजूला इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं. आणि बाहेरच्या युनिटचं झाकण कुणीही हौसेने उघडू नये. त्यातला कपॅसिटर वीज बंद केल्यानंतरही भारलेला राहतो.

बंद जाळीचा परिणाम पुष्कळांना चकवतो. हवा कमी वाहिली की कॉइलचं तापमान शून्याखाली जातं आणि हवेतली वाफ तिच्यावर बर्फ होऊन बसते. मग गारवा कमी येतो आणि एसी बंद केल्यावर बर्फ वितळून भिंतीवर पाणी गळतं. घरचे म्हणतात गॅस संपला. गॅस कमी झाला तरी बर्फ धरतो हे खरं, पण फोन करण्याआधी जाळी धुऊन, एसी दोन-तीन तास बंद ठेवून पुन्हा लावून पाहायला हरकत नाही. पाणी गळण्याचं दुसरं कारण म्हणजे निचऱ्याचा पाइप. त्यात शेवाळ धरतं, माती बसते, कधी मुंगळे किंवा गांधीलमाशी घर करते. पाइपला सतत उतार हवा, आणि त्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नसावं. पालींचाही उपद्रव मोठा. ऊब शोधत त्या कार्डावर चढतात आणि स्वतः मरून कार्डही घालवतात. पाइप भिंतीतून जातो तिथलं भोक पुट्टीने बुजवलं की पाली आणि उंदीर दोन्हींची वाट बंद होते.

गॅसबद्दल एक पक्की गोष्ट: तो वापराने संपत नाही. बंद नळ्यांत तोच गॅस फिरत राहतो. दर उन्हाळ्यात ‘थोडा गॅस मारायला लागेल’ असं कुणी म्हणत असेल तर एक तर नळीला गळती आहे, किंवा गरज नसताना पैसे जात आहेत. गळती असेल तर आधी ती शोधायची, बुजवायची, नळ्यांत नायट्रोजनचा दाब भरून तपासायचं, पंप लावून आतली हवा पूर्ण काढायची, आणि मग पाटीवर लिहिलेल्या वजनाएवढा गॅस काट्यावर मोजून भरायचा. अंदाजाने भरलेला गॅस बरोबर असतो तो योगायोगाने.

जुन्या एसीत आर-२२ असे. आता बहुतेक घरगुती एसीत आर-३२ असतो आणि काही मॉडेलांत आर-२९०, म्हणजे प्रोपेन. दोन्ही पेट घेऊ शकतात. आर-३२ सौम्यपणे, प्रोपेन चटकन. याने घाबरून जायचं कारण नाही. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत आर-३२ पेट घेईल इतकं मिसळायला साधारण दहा किलो लागतो, आणि दीड टनाच्या एसीत तो किलोभरच्या आत-बाहेर असतो. धोका दुरुस्तीच्या वेळी असतो: नळीत गॅस शिल्लक असताना गॅसबत्तीने जोड तापवला तर, किंवा कमी दाबाच्या आर-२२ साठीचे जुने पाइप आर-३२ ला लावले तर. सगळ्यात भयंकर म्हणजे नायट्रोजन हाताशी नाही म्हणून वेल्डिंगच्या दुकानातून आणलेल्या ऑक्सिजनने दाब तपासणं. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की स्फोट होतो, आणि युनिटपाशी वाकलेला माणूस त्यात जातो. घरमालकाला हे ओळखता येतं. कोरोनात आपण सगळ्यांनी पाहिलेलं काळं सिलिंडर, पांढऱ्या मानेचं, ते ऑक्सिजनचं. नायट्रोजनचं राखाडी, काळ्या मानेचं. काळं सिलिंडर माडीवर चढताना दिसलं तर तिथेच थांबवा, मेकॅनिक कितीही जुना आणि ओळखीचा असला तरी.

स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. तो खोलीतलीच हवा फिरवून गार करतो. वर सांगितलेल्या खोलीत सुमारे ३४ हजार लिटर हवा मावते. तिघं जण सात तास झोपले तर त्यांच्या श्वासातून अडीचशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हवा अजिबात बदलली नाही तर त्याचं प्रमाण पाऊण टक्क्याजवळ जातं, जे बाहेरच्या मोकळ्या हवेत अर्ध्या दशांश टक्क्याहूनही कमी असतं. सकाळी डोकं जड असण्याचं एक कारण हे. दाराखालची फट कापडाने बुजवू नका आणि एक खिडकी बोटभर उघडी असू द्या.

पण खरी काळजी वेगळ्या गोष्टीची आहे. आपल्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला शेक देतात, धुरी देतात. पूर्वी ती खोली कौलाखाली असे आणि फटींतून हवा खेळती राही. आता तीच निखाऱ्यांची शेगडी स्लॅबच्या खोलीत, एसीसाठी सगळं घट्ट बंद केलेलं असताना ठेवली जाते. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि तो रक्तातला प्राणवायू हटवतो. एसी त्याला बाहेर काढत नाही, गार करून पुन्हा तोंडावर सोडतो. शेक द्यायचा तर एसी बंद, खिडक्या उघड्या, आणि काम झालं की शेगडी ताबडतोब खोलीबाहेर. आजी ऐकत नसतील तर त्यांना शांतपणे, आदराने पण पक्कं सांगा. शेकाला कुणाची हरकत नाही, बंद खोलीला आहे. डासांची कॉइल आणि धूपही बंद एसीच्या खोलीत नको.

पावसाळ्यात बेळगावची हवा दमट होते, कपाटांना बुरशी धरते. तेव्हा एसीचा ‘ड्राय’ मोड दिवसातून तासभर लावला तर खोलीतली ओल कमी होते आणि यंत्रही चालतं राहतं. पावसाळ्यात एसी लावायचाच नसेल तर आकाश मोकळं असलेल्या दिवशी तासभर नुसता पंख्यावर चालवून कॉइल वाळवावी, एमसीबी खाली करावा आणि रिमोटमधले सेल काढून ठेवावेत. बाहेरच्या युनिटला प्लास्टिकमध्ये गुंडाळण्याची पद्धत चुकीची आहे. ते पावसात उभं राहण्यासाठीच बनवलेलं असतं. प्लास्टिकच्या आत ओल कोंडते, पत्रा गंजतो आणि उंदरांना उबदार घर मिळतं.

पावसाळ्याआधी पाहायचं ते ब्रॅकेट. बाहेरचं युनिट तीस-चाळीस किलोचं असतं आणि चालताना सतत थरथरतं. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या करोल बाग भागात वरच्या मजल्यावरून कोसळलेल्या अशा युनिटखाली सापडून, मित्राशी बोलत थांबलेला एक तरुण दगावला. आपल्या जुन्या गल्ल्यांत धोका आणखी आहे, कारण भिंती मातीच्या गिलाव्यात रचलेल्या विटांच्या किंवा दगडांच्या असतात. काँक्रीटसाठी बनवलेला अँकर बोल्ट त्यात घट्ट बसल्यासारखा वाटतो, आणि दोन पावसाळ्यांनी मातीसकट सैल होतो. अशा भिंतीवर युनिट टांगू नये. गच्चीवर किंवा जमिनीवर स्टँड करून ठेवावं. चार फुटी बोळातही नको, कारण समोरच्या भिंतीवर आपटून तीच गरम हवा परत युनिटमध्ये शिरते, आणि शेजाऱ्याची खिडकी त्याच बोळात उघडते.

आणि बाहेरचं युनिट मेकॅनिकच्या आवाक्यात असावं. उन्हाळ्यात ही पोरं दिवसाला आठ-दहा घरं करतात. एक पाय खिडकीच्या सज्जावर, दुसरा ब्रॅकेटवर, एका हातात पाना, कमरेला दोरी नाही. आपण खोलीत उभे राहून ‘जरा लवकर आटपा’ म्हणतो. तसं म्हणू नका. माडीच्या बाहेर जाऊन करायचं काम असेल तर कमरेचा पट्टा आणला आहे का विचारा. नसेल तर दुसऱ्या दिवशी बोलवा, एक रात्र पंख्यावर निघते. आणि नवा एसी बसवताना, जिथे माणसाला दोन्ही पाय टेकून उभं राहता येत नाही तिथे बाहेरचं युनिट बसवू देऊ नका. पाच-सात फूट तांब्याची नळी जास्त लागेल, तिचे पैसे द्या.